पहिलं पाणी जमिनीला

साडेचारशे किलोची ती, डिझेलवरची,
पिवळा रंग उडालेली,
डोक्यावर एकच कडी.
मैनुद्दीनचाचा म्हणायचे,
उचलायचं तर हिलाच धर बे.
हँडलला नाही, झाकणाला नाही. कडीला.
कारखान्यानं मध्य बघून बसवलीय ती तिथं,
तुझ्या मामानं नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
सकाळी सातलाच पत्रे तापतात.
चेनपुली लावायच्या आधी चाचा
डिझेलचा कॉक बंद करायचे,
बॅटरीची काळी वायर सोडवून
फडक्यात गुंडाळायचे, दुखऱ्या बोटासारखी.
केबलची भेंडोळी आधी खाली.
तिला तिचंच वजन होऊ दे,
आपलं ओझं तिच्यावर कशाला?

मी, रेवणसिद्ध कोरे, वय एकोणीस.
मला वाटायचं वेल्डिंग म्हणजे ठिणगी.
काच खाली, रॉड पुढं, लोखंडाचं पाणी.
हे बांधणं, सोडणं, फटीत ठोकळे मारणं
म्हणजे हमाली.

म्हणून त्या दिवशी
पुढचे दोन पट्टे आवळले
आणि मागचे दोन सीटखालीच राहिले.
चाचा टपरीवर बशीत चहा निववत होते.
मी म्हणालो, झालं.

कुंभारीच्या अलीकडं एक गतिरोधक होता,
पट्टे पुसलेला.
छोटा हत्ती त्याच्यावरनं उडाला
आणि ती सरकली.
आधी वीतभर,
मग हातभर,
मागच्या फाळक्याकडं.
फाळक्याला टेकून मी.

उडी मारायची सोडून
मी दोन्ही तळवे लावले
आणि तिला अडवायला लागलो.
साडेचारशे किलोला.

नागनाथनं आरशात बघितलं, ब्रेक दाबला,
ती परत केबिनकडं गेली
आणि पत्र्यावर धाडकन आदळली.
तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

चाचा उतरले. कानाखाली एक दिली.
मग, अगदी हळू:
मशीन पडू दे बे.
मशीन पडली तर भंगारात किलोवर जाते.
तुझ्या आईला मी काय भाव सांगू?

वळसंगच्या डाळमिलीत मालक म्हणाले,
आतच ठेवा की सावलीत, शटर ओढून घेऊ,
बाहेर फार धूळ उडायलीय.
तिला ऊन चालतं, चाचा म्हणाले,
आपल्याला तिचा धूर चालत नाही.
बंद खोलीत माणूस पेंगतो
आणि पेंगलेला तसाच राहतो.
मग चिमूटभर माती हवेत सोडली,
वारा कुठं जातोय बघितलं
आणि तिचं धुराडं दारापासून फिरवलं.

खाली फळ्या टाकल्या, पाण्याची बाटली आडवी ठेवून
सपाटी बघितली. बुडबुडा मध्ये आला.

अर्थिंगची सळई मी ठोकली.
काळी माती, वैशाखात भेगाळलेली,
सळई राखेत जावी तशी गेली, हलायला लागली.
चाचांनी तीच बाटली उघडली.
त्या दिवशी आमच्याकडं तेवढंच पाणी होतं.
निम्मं त्यांनी सळईच्या मुळाशी ओतलं
आणि मी कोरड्या ओठांनी बघत बसलो.
पहिलं पाणी जमिनीला.
ती प्यायली तरच करंट पिईल,
नाहीतर तुला पाजेल.

उरलेलं मला दिलं.
स्वतः प्यायले की नाही, आठवत नाही.

तीन वेळा खोकून ती सुरू झाली.

आता मशीन माझ्या नावावर आहे.
चाचा विजापूर वेशीपाशी घरीच असतात,
इंजिनाशेजारी आयुष्य काढून
दोन्ही कान गेलेत.
तरी गाडी निघायच्या वेळेला फोन येतो,
सलाम नाही, कसं काय नाही,
फक्त: चारी?
मी ओरडतो, चारी!
टपरीवरची माणसं वळून बघतात.

कधी खोटं बोललो नाही.
एकदा बोललो.
आसरा चौकातनं गाडी परत वळवली
आणि चौथा आवळला.